आडोशाची बाजू

पुण्यात कॉलेजात असताना मी आणि डॉक्टर दर पावसाळ्यात राजगडावरून सोंडेसोंडेने तोरण्याला जायचो. तेव्हा तो डॉक्टर झालेला नव्हता, पण पहिल्या वर्षापासून सगळे त्याला तेच म्हणायचे, आणि अजूनही म्हणतात. त्या सोंडेवर आम्ही दोन गोष्टी शिकलो. वारा झोडपायला लागला की धारेवर रेंगाळायचं नाही, थोडं खाली उतरून आडोशाच्या बाजूने चालायचं. आणि धुकं आलं की एकमेकांचे हात धरायचे, म्हणजे कुणी हरवत नाही. एवढ्या दोन गोष्टींच्या जोरावर मी पुढची पंचवीस वर्षं स्वतःला डोंगरातला माणूस समजत होतो. इंग्लंडात आल्यावर तर जास्तच, कारण इथे माझी परीक्षा घ्यायला कुणी नव्हतं.

मी ब्रिस्टलला विमानांच्या पंखांवर काम करायचो. पंखावरून वारा कसा वाहतो, कुठे सुटतो, सुटल्यावर मागे कुठे भोवरे करतो, याचा मला दर महिन्याला पगार मिळत होता. हे आत्ताच सांगून ठेवतो, कारण पुढे जे झालं त्यात माझी लाज याच्यामुळेच दुप्पट होते. बायको हॉस्पिटलात भूल देण्याचं काम करायची. डॉक्टर मिल्टन कीन्सला स्थायिक झाला होता आणि तिथल्या रस्त्यांवरच्या गोल राउंडअबाउट्सना कंटाळून सुट्टी मिळाली की आमच्याकडे यायचा. ऐंशीच्या दशकात आम्ही दोघे दर ऑगस्टमध्ये वेल्समध्ये नाहीतर लेक डिस्ट्रिक्टमध्ये चालायला जायचो आणि माझ्या मुलीला ओढत न्यायचो. ती ब्रिस्टलमध्येच जन्मलेली. दर शंभर पावलांवर बसायची आणि अजून किती राहिलं विचारायची. मी तिला राजगडाच्या गोष्टी सांगायचो. ती ऐकायची की नाही, देव जाणे.

मग ती युनिव्हर्सिटीत गेली आणि तिथल्या माउंटनियरिंग क्लबात शिरली. हिवाळ्यात स्कॉटलंडला जाऊन यायची, गुडघ्यांवर काळेनिळे डाग आणि खांद्यावर दोर घेऊन. नव्वदचं दशक नुकतंच सुरू झालं होतं. एका फेब्रुवारीत तिनेच सुचवलं की आपण सगळे तिथल्या हायलँड्समध्ये आठवडाभर कॉटेज घेऊ. मला आनंद झाला. आता मी तिला बर्फातले डोंगर दाखवणार होतो. बर्फातला डोंगर मी स्वतः तोवर फक्त गाडीच्या काचेतून पाहिला होता, हा तपशील मला गौण वाटला.

आम्ही चौघे गेलो. डॉक्टरची बायको भावाच्या मुलाच्या लग्नाला भारतात गेली होती, म्हणून तो एकटाच आला. येताना मात्र डब्यात गूळपोळ्या घेऊन आला, त्याही संक्रांत उलटून महिना होत आल्यावर.

कॉटेजजवळच्या गावातल्या डोंगरी सामानाच्या दुकानाच्या दारावर रोज संध्याकाळी एक कागद चिकटवलेला असायचा. त्यात दुसऱ्या दिवशी कुठल्या उतारावरचा बर्फ सुटून खाली यायची भीती आहे ते लिहिलेलं असायचं. मुलगी तिथे उभी राहून सगळं वहीत उतरवून घ्यायची. चढाईच्या दिवशी सकाळी पोह्यांबरोबर तिने ते आम्हाला वाचून दाखवलं. तीन दिवस नैऋत्येचा वारा होता. त्या वाऱ्याने अलीकडच्या उतारांवरचा बर्फ उचलून पलीकडे, ईशान्येच्या बाजूला नेऊन टाकला होता. वरून तो फरशीसारखा घट्ट दिसतो, पण खालच्या थराला त्याने धरलेलं नाही. धोका पाचपैकी तीन.

"पाचपैकी तीन म्हणजे साठ टक्के," डॉक्टर म्हणाला. "फर्स्ट क्लास."

मी हसलो. आमच्या पिढीला कुठलाही आकडा दिसला की आधी टक्के काढायची सवय आहे.

"काका, मार्क्स नाहीत ते," मुलगी म्हणाली. "चार असला ना, की सगळे घरी बसतात. तीन असला की जातात."

ती हे अगदी साध्या आवाजात म्हणाली आणि लिंबू मागितलं. मला तेव्हा त्यात भिण्यासारखं काही दिसलं नाही.

बेत तिनेच ठरवला. नैऋत्येच्या रुंद सोंडेने वर जायचं, माथ्यावरून थोडं पुढे जायचं आणि त्याच सोंडेने परत. पलीकडे, डोंगराने कवेत धरल्यासारखी जी खोल वाटी होती, तिच्याकडे पाऊलही टाकायचं नाही. मी हा रस्ता एका कागदावर नीट लिहिला, परतायची वेळ पाच घातली आणि बायकोसमोर टेबलावर ठेवला. ती येणार नव्हती, तिच्याजवळ एक जाडं पुस्तक होतं आणि शेकोटी होती. तिने कागद वाचला आणि म्हणाली, "अहो, तिकडे काही सिद्ध करायला जाऊ नका. वय झालंय हे सिद्ध झालेलंच आहे."

वर चढताना मी कुरकुरत होतो की एवढ्या लांब येऊन बर्फ तो किती थोडा. सोंड वाऱ्याने खरवडून काढली होती. जागोजाग दगड उघडे पडले होते, गवताच्या सुकलेल्या काड्या वर आल्या होत्या. इथला बर्फ मग कुठे गेला असेल, हा प्रश्न वाऱ्याचा पगार घेणाऱ्या माणसाला पडला नाही.

माथ्यावर एका मोठ्या दगडामागे बसून आम्ही डबा उघडला. गूळपोळ्या कौलासारख्या कडक झाल्या होत्या. डॉक्टरने तोडायला म्हणून उजव्या हातातला मोजा काढून मांडीवर ठेवला आणि वाऱ्याने तो उचलला. आम्ही तिघेही त्याच्याकडे बघत राहिलो. तो दोनदा आपटला आणि कड्यापलीकडे गेला. जादा मोजा फक्त मुलीकडे होता, आणि त्यात डॉक्टरचा पंजा शिरेना. शेवटी माझ्या पिशवीतला एक मरून रंगाचा पायमोजा त्याच्या हातात चढवला. त्यातून तो हात हलवून बाहुलीसारखं बोलून दाखवायला लागला, आणि मुलगी सकाळपासून पहिल्यांदा मोठ्याने हसली. पुढे कित्येक वर्षं, लंडनजवळच्या इल्फर्डला कुणाच्या घरी दिवाळीची मंडळी जमली की ही गोष्ट मी सांगायचो आणि ती या पायमोज्यापाशी संपवायचो. लोक हसायचे, पुढचं कुणी विचारायचं नाही.

परत फिरलो तेव्हा वारा वाढला होता आणि आता तो थेट तोंडावर होता. त्याच्याबरोबर बर्फाचे कण येत होते, तांदूळ फेकून मारावेत तसे. दहा पावलं चाललो की पाठ करून उभं राहावं लागत होतं. डॉक्टरने पायमोजा काढून दाखवला तर तीन बोटांची टोकं मेणासारखी पांढरी होती, आणि ती दुखत नाहीत असं तो म्हणाला. न दुखणं वाईट, हे त्याला आणि मला दोघांनाही कळत होतं. सोंडेवरून अजून निदान दीड तास असं चालायचं होतं.

मी कडेला जाऊन पलीकडच्या वाटीत डोकावलो. तिथे वारा नव्हता. एका काळ्या खडकाच्या टेकूशेजारून खाली उतरलं की पांढरा, गुळगुळीत उतार सुरू होत होता आणि आमच्याच दिशेने, सोंडेला समांतर, पुढच्या खिंडीपर्यंत जात होता. त्यावर दगड नाही, सुरकुती नाही. नुकती इस्त्री केलेली चादर अंथरावी तसा. वाराही तोच, नैऋत्येचा, आमच्या पावसाळ्यातला. माझ्या पायांना पंचवीस वर्षांपूर्वीची सवय आठवली आणि मी म्हणालो, या बाजूने जाऊ.

मुलीने नको म्हटलं. मी डॉक्टरच्या बोटांकडे बोट दाखवलं. मग तिने वाद न घालता बर्फात टेकायची कुऱ्हाड काढली, तशी आम्हा तिघांकडेही होती, आणि कडेच्या एका छोट्या, हातभर उंचीच्या ढिगाला चारी बाजूंनी कापून एक चौकोनी ठोकळा केला. त्यावर तळहाताने हलकंच थोपटलं. एकदा, दोनदा. तिसऱ्या वेळी वरचा अर्धा ठोकळा अख्खाच्या अख्खा घसरून तिच्या बुटांवर पडला, खोबऱ्याच्या वडीसारखा, धारदार कडा शाबूत ठेवून. तो जिथून सुटला तिथले दाणे तिने मोज्यावर घेऊन मला दाखवले. गोल, पांढरे, सुटे. कच्चा साबुदाणा. तिने हात तिरका केला तसे ते घरंगळत गेले, एकही दुसऱ्याला चिकटला नाही.

"या दाण्यांवर हा सगळा उभा आहे, बाबा," ती म्हणाली. "तिथे पण हेच असणार."

मी म्हणालो की हा वीतभर ढीग आहे आणि तो अख्खा डोंगर आहे. तेवढ्यावर थांबलो असतो तरी चाललं असतं. पण डॉक्टर ऐकत होता, आणि माझ्या तोंडून ते वाक्य गेलंच, की तू जन्मायच्या आधीपासून मी डोंगरात चालतोय. आमच्या घरात, पाहुण्यांसमोर, बापाच्या या वाक्यापुढे बोलायचं नाही असं तिला कुणी मुद्दाम शिकवलं नव्हतं. पण ती आमच्याच घरात वाढली होती. ती गप्प बसली, आणि तिचं गप्प बसणं मी होकार म्हणून घेतलं.

खडकाच्या कडेने उतरलो आणि वारा एकदम बंद झाला. दार लोटून घ्यावं तसा. कानात स्वतःचा श्वास ऐकू यायला लागला. डॉक्टर हुश्श म्हणाला. मी तर विजयीच होतो. पायाखालचा बर्फ कोरडा होता, खडूसारखा करकरत होता, आणि प्रत्येक पावलाला खालून एक पोकळ आवाज येत होता, रिकाम्या पिंपावर चालल्यासारखा. वर ढग उतरत होते, पुढची खिंड मधूनच नाहीशी होत होती. मी जुन्या सवयीने मागे हात केला. डॉक्टरने तो आपल्या चांगल्या हाताने धरला आणि पायमोज्यातला हात मागे मुलीसाठी लांब केला. तो तसाच हवेत राहिला. वळून पाहिलं तर ती अजून काळ्या खडकापाशीच उभी होती.

मी हाक मारली. तिने मान हलवली आणि तिथेच थांबली. डॉक्टरला म्हणालो, फुगलीय, चल आपण, येईल मागून. असे आम्ही दोन पन्नाशीकडे झुकलेले पुरुष, एकमेकांचे हात धरून, त्या उतारावर निघालो.

साठेक पावलं झाली असतील. मग तो आवाज आला. मोठा नव्हता. शेजारच्या खोलीत कुणी धान्याचं पोतं टाकावं तसा, धप्प. पण तो कानांना कळायच्या आधी पायांना कळला. आमच्यासकट सगळा उतार बोटभर खाली बसला. वरच्या अंगाला, माझ्या खांद्याच्या उंचीवर, बर्फात एक बारीक रेघ उमटली आणि मी बघत असताना ती पुढे पळाली, शिसपेन्सिलीने ओढावी तशी, वळणापलीकडे दिसेनाशी झाली. मागेही ती डॉक्टरच्या पलीकडे गेली होती.

"काय झालं रे?" डॉक्टरने विचारलं. अगदी हळू, एखादं मूल झोपलेलं असावं तसं.

मला उत्तर माहीत होतं. वारा कड्यावरून सुटतो, सुटला की त्याचा जोर जातो, आणि जोर गेला की हातातलं ओझं तो तिथेच टाकतो. हे मी नव्या पोरांना फळ्यावर काढून दाखवायचो. तीन दिवस त्याने जे जे टाकलं होतं, त्याच्या बरोबर मध्ये मी माझ्या मित्राला हाताला धरून आणून उभं केलं होतं.

खडकाकडून तिचा आवाज आला. ती ओरडली नाही.

"काका, बाबांचा हात सोडा."

डॉक्टरने सोडला. मग तिने एकेक गोष्ट सांगितली, आणि आम्ही शाळेतल्या मुलांसारखी केली. पाठपिशवीचा कमरेचा पट्टा सोडा. कुऱ्हाडीची दोरी मनगटातून काढा. झिप हनुवटीपर्यंत ओढा. मग काका एकटे परत येतील, आपल्याच पावलांच्या खड्ड्यांत पाय ठेवत, नवीन खड्डा करायचा नाही. ते खडकावर पोचेपर्यंत बाबा हलणार नाहीत.

डॉक्टर निघाला. वजनाने तो माझ्यापेक्षा चांगलाच जास्त आहे आणि त्यावरून मी त्याला आयुष्यभर चिडवलंय. त्याच्या प्रत्येक पावलाला मी त्या रेघेकडे बघत होतो. ती रुंद होतेय की मला तसं वाटतंय, ते कळत नव्हतं. एकदा बर्फाच्या आतून खोल कुठेतरी करकर झाली आणि तो एक पाय उचलून तसाच थांबला. मग पुढे गेला.

मी एकटा उभा राहिलो. अशा वेळी माणसाला देव आठवतो म्हणतात. मला टेबलावरचा तो कागद आठवला. त्यावर माझ्या सुवाच्य अक्षरात डोंगराची दुसरी बाजू लिहिलेली होती. शोधायला माणसं आली असती तर ती तिकडे गेली असती. खाली वाटी ढगाने भरली होती, तिचा तळ दिसत नव्हता. पायांची बोटं आखडली होती, पण वजन या पायावरून त्या पायावर टाकायची माझी हिंमत नव्हती.

"बाबा, आता तुम्ही या," ती म्हणाली.

ती साठ पावलं मी मोजली नाहीत. एवढंच आठवतं की येताना एका सरळ रेषेत आलो असं वाटलं होतं आणि जाताना दिसलं की माझी पावलं नाचत आली होती, ऐटीत. शेवटच्या दोन पावलांवर तिने माझ्या पिशवीचा पट्टा धरला आणि मला खडकावर ओढलं. आम्ही वर सोंडेवर चढलो आणि तो वारा तोंडावर घेत, कधी चालत तर कधी रांगत, खाली आलो. वाटेत थांबून थांबून डॉक्टरचा हात मी माझ्या काखेत धरत होतो.

कॉटेजवर पोचलो तेव्हा साडेपाच होऊन गेले होते आणि बायको खिडकीत उभी होती. सहाला पोलिसांना फोन करणार होते, म्हणाली. मी सांगितलं की वारा फार होता, म्हणून उशीर झाला. डॉक्टरने पायमोजा नाचवून दाखवला. तिने त्याची बोटं कोमट पाण्यात धरली, रंग परत येताना तो विव्हळला, आणि मग तिघेही हसलो. मुलीने दोन घास खाल्ले आणि झोपायला गेली. मी तिला हाक मारली नाही. डॉक्टर आणि मी तासभर शेकोटीसमोर क्रिकेटवर बोललो.

दुसऱ्या दिवशी आकाश धुतल्यासारखं स्वच्छ होतं. बायकोला काल आम्ही गेलो तो डोंगर बघायचा होता. रस्ता डोंगराला वळसा घालून पलीकडच्या दरीत जातो, तिथे गाड्या थांबवायला जागा आहे. मी तिथे थांबायला नको म्हणायला हवं होतं, पण कारण काय सांगणार.

ती वाटी पूर्ण उघडी पडली होती. काल चादर होती तिथे आता वरच्या अंगाला एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत एक पायरी होती, कापल्यासारखी सरळ, निळसर सावलीची. तिच्याखालचा उतार खरवडून निघाला होता. आणि तळाशी पाडलेल्या घराच्या ढिगाऱ्यासारखे ठोकळे एकमेकांवर पडले होते, काही आमच्या गाडीएवढे. ते रात्री केव्हा सुटलं की आम्ही सोंडेवर चढल्यावर दहा मिनिटांनी, ते मला कधीच कळलं नाही. वाऱ्यात काही ऐकू आलं नव्हतं.

दुर्बीण बायकोकडे होती. ती बराच वेळ बघत होती. "त्या काळ्या दगडापासून पावलं निघालीत," ती म्हणाली. "मध्येच संपतात. कुणाची आहेत?"

मी म्हणालो, असतील कुणाची तरी. डॉक्टर बुटाची नाडी बांधायला वाकला.

"बाबांची आणि काकांची," मुलगी म्हणाली, आणि तिने सगळं सांगितलं. निम्मं मराठीत, निम्मं इंग्रजीत, आवाज न चढवता, माझं ते वाक्यसुद्धा न गाळता. बायको दुर्बीण डोळ्यांवरून न काढता ऐकत होती. भूल देणारी माणसं अशीच ऐकतात, एकीकडे यंत्राकडे बघत.

"आणि तू कुठे होतीस?"

"दगडावर."

मला काहीतरी बोलायलाच हवं होतं. मी म्हणालो, "मला वाटलं, तू रुसलीस."

"रुसले होतेच," ती म्हणाली. "पण बघत होते. कुणीतरी बघायला पाहिजे ना, तुम्ही कुठे दिसेनासे होता ते. शेवटचं जिथे दिसता, तिथून खाली शोधायचं असतं."

तिच्याकडे कालच्या दिवशी फावडं नव्हतं. कुऱ्हाड होती आणि दोन हात होते. बायकोने दुर्बीण खाली घेतली आणि त्या ठोकळ्यांकडे नुसत्या डोळ्यांनी पाहिलं.

"दोघांना काढलं असतंस?" तिने विचारलं.

हा हिशोब मुलीने काल त्या खडकावर उभं राहून आधीच करून ठेवला होता, ते तिच्या चेहऱ्यावर दिसत होतं.

"एकालाच," ती म्हणाली. "दोघांना वेळ पुरला नसता."

कुणाला, ते बायकोने विचारलं नाही. डॉक्टरने विचारलं नाही. मीही विचारलं नाही, तेव्हाही नाही आणि त्यानंतरही कधी नाही.